परक्या सडकेवरची मिरी

गाडी मी पन्नाशी उलटल्यावर शिकले आणि चांगली शिकले. हे आधीच सांगून ठेवते, कारण परदेशात जाऊन मी काय दिवे लावले ते ऐकलं की लोक लगेच मान हलवतात, "बाईमाणसाचं ड्रायव्हिंग, दुसरं काय!" त्यांना माझं एकच सांगणं. दिवाळीनंतर धानाची चुरणी, म्हणजे मळणी, जोरात असते तेव्हा आमच्या सिहोऱ्याहून तुमसरला गाडी घेऊन जा. समोरून तणसाच्या पेंढ्यांची ट्रॉली अख्खी सडक अडवून येईल, मागून रेतीचा टिप्पर हॉर्न वाजवत बसेल आणि मधोमध कोणाची तरी म्हैस विचार करत उभी असेल. तिथून गाडी काढून दाखवा आणि मग माझ्याशी बोला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. घरची धानाची शेती यजमान पाहायचे. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नाही, म्हणून इथंही 'हे'च लिहिते. तर हे आणि मी, दोघांना एकच व्यसन, फिरायचं. धान विकून झालं की गाडी काढायची आणि निघायचं. जगन्नाथपुरी झालं, पचमढी झालं, थेट रामेश्वर झालं. गाडी हे चालवायचे. मी डाव्या बाजूला पाण्याची बाटली आणि फुटाण्यांचा डबा घेऊन बसायची, आणि रस्ता चुकला की दोघं मिळून भांडायचो. फार मजेत दिवस गेले.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतला पडदा झिजत चालला आहे, गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली सांभाळायची. गाडी त्या दिवसापासून बंद. ह्यांनी मुकाट्यानं मान हलवली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "अजी, आता दिसते किती?" तर म्हणाले, "थोडं धुकट दिसते. बाकी सगळं बरोबर हाये." पुढं कोणीही विचारलं तरी हेच उत्तर. लेकीनं विचारलं तरी, भावानं विचारलं तरी, थोडं धुकट.

मग मी गाडी शिकले. नागपूरला लेकीकडे राहून शिकले, परवाना काढला आणि एके दिवशी ऐटीत गाडी दारात आणून उभी केली. हे सपरीत, पुढच्या पडवीत, खाटेवर बसले होते. मी हॉर्न वाजवला. म्हटलं, चला, तुमसरला जाऊन चहा पिऊन येऊ.

"तू जा," हे म्हणाले. "मले का काम हाये तिकडं?"

त्या दिवशी वाटलं, असेल कंटाळा. पण मग करडीला पुतण्याचं लग्न होतं. पंगतीत शेवटपर्यंत आग्रह करत फिरणारा हा माणूस, लग्नाला आला नाही. मी एकटी गाडी घेऊन गेले आणि सगळ्यांना उत्तरं देत बसले. शेतावर हे आधी कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जायचे, तेही सोडलं. पावसाळ्यात घरचा रोवणा लागला, बाया गुडघाभर चिखलात धान लावत होत्या, आणि हे पाहायला गेले नाहीत. सपरीतली खाट आणि घरातली खाट, एवढ्यातच त्यांची ये-जा उरली होती. मला भीती वाटत होती, खरंच भीती, की हा माणूस असा बसल्या बसल्या संपून जाईल आणि मी त्याला नुसती चहा देत राहीन.

भीती होती, पण राग तिच्याहून मोठा होता. कारण मला वाटायचं, हा सगळा पुरुषी तोरा आहे. बायको स्टिअरिंगवर आणि आपण बाजूला, हे गावानं पाहिलं तर नाक कापलं जाईल ना! त्यांनी माझ्या बाजूला एकदा बसावं म्हणून मी काय काय नाही केलं. गोड बोलले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा उपयोग झाला नाही, कारण तो मलाच सोसला नाही.

श्रीलंका ही आमची राहून गेलेली सफर. कोण्या शेतीच्या मासिकात ह्यांनी फार पूर्वी वाचलं होतं की तिथं जुन्या राजांनी बांधलेले तलाव आहेत आणि अजून त्यांच्या पाण्यावर धान पिकतो. आमचा जिल्हा तलावांचा. भंडाऱ्याच्या माणसाला दुसरीकडे आपल्यापेक्षा मोठा तलाव आहे असं सांगितलं की त्याला झोप लागत नाही. तेव्हापासून "एक डाव जाऊन पाहू" चाललं होतं. पासपोर्टसुद्धा काढून ठेवले होते दोघांचे. मी निवृत्त झाले आणि म्हटलं, आता जायचं.

"मी कायले येऊ?" हे म्हणाले. "तू जा लेकीसंग."

"तिले सुटी नाही."

"मंग कोण्या टूरवाल्यासंग जा."

"मले कळपात हाकलून नेलेलं चालत नाही," मी म्हटलं. डोकं फिरलंच होतं. "मी एकटी जाईन. अना गाडी बी मीच चालवीन."

"हारपशीन."

"हारपली तं तुमच्यापाशी रडत येणार नाही. आता नीट आयकून घ्या. मी तिकडं आठवडाभर एकटी गाडी चालवून, गाडीले खरोच न पडू देता वापस आली, तं तुम्ही माह्या बाजूले बसायचं. मी म्हणन तिथं यायचं. बोला, मंजूर?"

हे खाटेची नवार चाचपत राहिले. मग म्हणाले, "आधी येऊन तं दाखव."

मी ते हो समजले आणि कामाला लागले.

लेकीनं इंटरनेटवरून गाडी ठरवून दिली, तिथं चालवायच्या परवानगीचे कागद पाहिले आणि ढीगभर सूचना दिल्या, त्यातल्या निम्म्या मी विमानातच विसरले. कोलंबोच्या विमानतळावर गाडीवाला माझ्या नावाची पाटी घेऊन उभा होता. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "मॅडम, सर कुठं आहेत?"

"सर घरी आहेत," मी म्हटलं. "चावी द्या."

तिथं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे अवघड काही नव्हतं. लाल बसवाले मात्र आपल्या टिप्परवाल्यांचे सख्खे भाऊ, त्यांच्याशी माझं पहिल्या तासातच जमून गेलं. एकच गोष्ट नवी शिकावी लागली. तिथं सडकेवरच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी माणूस उभा दिसला की गाड्या खरोखर थांबतात. मी एकदा वेळेत थांबले नाही, तर एका म्हाताऱ्यानं छत्रीनं माझ्या बॉनेटवर टकटक केलं आणि मास्तरासारखं बोट दाखवलं. मी खिडकीतून हात जोडले. त्यानंतर मी चिटपाखरू दिसलं तरी थांबत होते.

अनुराधापूरला तलाव पाहिला. तलाव कसला, क्षितिजापर्यंत पाणीच पाणी. मातीच्या बांधाची लांबच लांब पार, पारीवर जुनी कहूची झाडं, ज्यांना पुस्तकात अर्जुन म्हणतात. पाण्याकाठी बगळे, अंग धुणाऱ्या बाया, जाळं टाकणारा एक माणूस, आणि पारीच्या खाली उतरलं की धानाच्या बांध्या, छोटी छोटी खाचरं. गाडी थांबवून मी पारीवर उभी राहिले आणि मला चक्क रडू आलं. एवढं सगळं आपल्यासारखं, आणि दाखवायला आपलं माणूस जवळ नाही! तिथल्या तिथं राग आला, कोणावर ते माहीत नाही, मग गाडीत बसून एक अख्खं शहाळं प्यायले.

संध्याकाळी ह्यांचा फोन यायचा. रोज तेच.

"गाडी ठीक हाये ना?"

"ठीक आहे."

"मंग ठीक."

मी म्हणायची, व्हिडिओ लावते, तलाव पाहा. तर म्हणायचे, "इकडं नेट बरोबर नाही, राहू दे." आणि फोन बंद. मला वाटायचं, पाहा, पैज हरायची वेळ आली म्हणून कसं तोंड पाडून बसलेत.

तलाव पाहून झाले तशी मी डोंगराकडे वळले. मातले नावाच्या गावाजवळ सगळा मसाल्याचा मुलूख आहे. मोठ्या सडकेवर नुसती दुकानं आणि बोर्ड, म्हणून मी मुद्दाम एक आडवाट धरली. इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर मी पुढं जे केलं त्याला तुम्ही वेडेपणा म्हणाल.

आमच्या भागात धान निघाला की त्याच बांध्यांमध्ये लाखोळी होते, एक डाळीचं पीक. ती उपटली की लोक वेलासकट डांबरी सडकेवर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, दाणा सुटतो, फुकटात चुरणी होते. सडकेवर लाखोळी दिसली आणि तुम्ही गाडी बाजूनं काढली तर शेतकऱ्याला वाईट वाटतं, हा कोण शहाणा म्हणून. हे तर असे की लाखोळी ओळखीच्याची असली तर पुढं जाऊन रिव्हर्स घ्यायचे आणि आणखी एकदा वरून न्यायचे. सडकेच्या कडेला बसलेला माणूस दोन्ही हात वर करून रामराम घालायचा. आमच्याकडे ह्याला माणुसकी म्हणतात.

तर त्या आडवाटेवर एका वळणानंतर दोन-तीन घरं लागली. सडकेच्या डाव्या कडेला काळपट हिरवं काहीतरी पसरलेलं होतं, देठासकट, लोंबतं, शेंगांसारखं. घराच्या दारात माझ्याच वयाची एक बाई बसली होती. माझ्या मनात एका क्षणाचाही संशय आला नाही. इथली लाखोळी! म्हटलं, घे बाई, तुझं काम करून देते. नेली गाडी वरून. खालून कटकट आवाज आला, अगदी घरच्यासारखा. आरशात पाहिलं तर बाई उठून उभी, दोन्ही हात वर. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! समुद्रापलीकडे येऊनही आपली रीत पाळणारी माणसं आहेत! मी रिव्हर्स टाकला आणि ह्यांच्यासारखीच ऐटीत पुन्हा वरून आणली.

तेव्हा वास आला. उघड्या खिडकीतून असा झणझणीत भपका आला की मी लागोपाठ शिंकत सुटले. शिंकता शिंकताच डोक्यात उजेड पडला. ती मिरी होती. काळी मिरी, वेलावरून नुकतीच उतरवून घोसासकट वाळत घातलेली. खाली पोती अंथरली होती, तीही आता दिसली. जन्मभर डब्यातली मिरी पाहिलेल्या बाईनं घोसातली मिरी कशाला पाहिली असेल?

मी खाली उतरले. बाई माझ्यासमोर येऊन जे बोलली त्यातला एक शब्द मला कळला नाही आणि सगळंच्या सगळं समजलं. माय वो, काय तोंड होतं तिचं! मला आवडलीच ती, पण ते नंतर. आवाज ऐकून तिची सून बाहेर आली. सून कँडीच्या एका हॉटेलात कामाला होती, इंग्रजी चांगलं बोलायची. तिनं सासूचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "आई म्हणते, एकदा चूक झाली असेल. पण दुसऱ्यांदा परत का आलात?"

मी उत्तर दिलं. लाखोळी, बांधी, डांबरी सडक, रामराम, सगळं समजावून सांगितलं, अगदी फळ्यापुढं उभी राहून सांगावं तसं. सून माझ्याकडे पाहतच राहिली. तिनं सासूला सांगितलं. सासूनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि काहीतरी विचारलं.

"आई विचारते, तुमच्या देशात सगळेच असं करतात का?"

"सगळे नाही," मी म्हटलं. "आमच्याकडचेच."

मी पर्स काढली तर बाईनं माझा हात बाजूला सारला, आणि तेही रागानंच. मग मला एकच सुचलं. मी खुणेनं सूप मागितलं. तिथंही सूप असतं, आपल्यासारखंच, थोडं गोल. पदर खोचला, पोत्यावर बसले आणि चाकाखाली सापडलेली मिरी वेगळी करायला घेतली. फुटलेली एका बाजूला, साबूत दाणे दुसऱ्या बाजूला, देठं वेगळी. साबूत दाण्यांचं काही बिघडलेलं नव्हतं, ते घोसातून सुटले होते इतकंच. मी पाखडायला लागले तशी बाई थांबून पाहू लागली. सुपाला माझा हात चांगला बसलेला आहे, त्यात मी कोणाला हार जात नाही. जरा वेळानं तीही दुसरं सूप घेऊन माझ्यासमोर बसली. सून आत चहा ठेवायला गेली.

पाखडता पाखडता मी घरचा विचार करत होते. मिरीचं आता निस्तरत होतं. पण घरी कळलं तर? परदेशात जाऊन लोकांचं पीक चिरडणाऱ्या बाईनं कोणत्या तोंडानं म्हणायचं की माझ्या बाजूला बसा? हे बसणार नाहीत. खाटेवरून उठणारच नाहीत, आणि आता त्यांच्याकडे कारणही असेल. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. ह्यांचाच.

ठरवलं होतं, सांगायचं नाही. फोन घेतला आणि पहिल्यांदा शिंकच आली, मग दुसरी.

"का झालं? रडून राहिली का तू?"

"रडून नाही राहिली," मी म्हटलं. "मिरी हाये." आणि मग धरण फुटल्यासारखं सगळं सांगून टाकलं.

मी मनात म्हटलं, झालं.

"लाखोळी समजली का तू?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"रिव्हर्स बी घेतला का?"

"हो ना जी!"

आणि हे हसले. आधी नुसता श्वास सुटला, मग असे खो खो हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "बाप्पा! इतके वर्षं माह्या डोक्यावर मिरे वाटले, आता लोकाच्या सडकेवर वाटून राहिली!" खोकला लागेपर्यंत हसले. समोरची बाई सूप थांबवून ऐकत होती. शब्द तिला कळत नव्हते, पण नवरा बायकोला हसतो आहे हे कोणत्याही देशातल्या बाईला कळतं. तीही हसली. पान खाऊन लाल झालेले दात दाखवत हसली आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

दोन वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी विचारलंच नाही, व्हिडिओचं बटण दाबलं आणि म्हटलं, "अजी, हो करा, हो करा." वेळ लागला, पण त्यांनी केलं. आधी नुसता कान दिसला. मी म्हटलं, कान दिसून राहिला, फोन तोंडासमोर धरा. मग त्यांचं तोंड आलं. मी फोन फिरवून त्या बाईच्या अगदी जवळ नेला. तिनं ओळखलं, की हाच तो हसणारा. तिनं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

"पाहा!" मी म्हटलं.

"वा!" हे म्हणाले. "तलाव भारी मोठा हाये. पाणी बी चांगलं भरलं हाये."

बाई हात जोडून तशीच बसली होती. फोन माझ्या हातात तसाच होता. ते थोडं धुकट नव्हतं. त्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि गेले कितीतरी दिवस दिसत नसणार. करडीच्या लग्नात ओळखीची माणसं समोर येऊन उभी राहिली असती आणि ह्यांना तोंडं ओळखू आली नसती. रोवण्यावर बायांनी हाक मारली असती. आणि माझ्या गाडीत मी दर दोन मिनिटांनी म्हटलं असतं, ते पाहा, हे पाहा. मी दोन वर्षं त्यांच्या तोऱ्याशी भांडत होते. तोरा नव्हताच. माणूस घाबरला होता आणि एकट्यानं घाबरला होता. मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि लगेच धावत सिहोऱ्याला जावंसं वाटलं.

"हो, मोठा आहे," मी म्हटलं. माझा आवाज बरा निघाला. "अजी, नेट जाऊन राहिलं. व्हिडिओ बंद करते, तोंडानंच सांगते."

आणि मी सांगायला लागले. मिरीचा वेल झाडावर चढतो, पानं आपल्या नागवेलीसारखी, पण जाड. घोस बोटाएवढा लांब. घर कौलारू, दारात लाल जास्वंद. हे म्हणाले, "मंग?" मी आणखी सांगितलं. "दाणा ओला असताना कसा असते? आतून का रंग?" मी एक फोडून पाहिला आणि सांगितलं, पांढरा. "अना बाई कशी हाये?"

"माझ्याच वयाची. अंगानं बारीक, तोंडात पान आणि डोळे रागीट."

"म्हंजे तुह्यासारखीच," हे म्हणाले.

चहा आला. तिथं चहात गूळ घालत नाहीत, खडा दातात धरतात आणि वरून चहा पितात. तेही त्यांना सांगितलं. निघताना बाईनं वेगळी काढलेली फुटकी मिरी पुडीत बांधून माझ्याच हातात दिली, म्हणजे घरी आठवण राहील. मी तिला मिठी मारली आणि दोघी पुन्हा शिंकलो.

पुढचे दिवस फोनची वाट मला पाहावी लागली नाही. सकाळी यायचा, दुपारी यायचा. "आता कोठी हायेस?" मी गाडी बाजूला लावायची आणि सांगायची. सुरुवातीला मी म्हणायची, फार सुंदर आहे. तर हे म्हणायचे, "सुंदर म्हंजे का? नीट सांग ना." जन्मभर पोरांच्या निबंधांवर लाल पेन चालवणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं! पण बरोबरच होतं. सिगिरियाच्या खडकावर चढताना मी अर्ध्या वाटेत पायरीवर बसून सांगितलं. "आपल्या गायमुखच्या डोंगराएवढा हाये का?" "त्याहून उंच, आणि सपाट रानात एकटाच उभा. खालचा भाग तांबूस, वर काळे ओघळ आले आहेत." मागचे गोरे पर्यटक थांबून राहिले, मी त्यांना हातानं सांगितलं, तुम्ही व्हा पुढं. डोळ्यांचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

गाडीवाल्यानं परत घेताना चारही बाजूंनी गाडी पाहिली. एक खरोच नाही. टायरपाशी वाकला, शिंकला, आणि माझ्याकडे पाहून काही न विचारता सही केली.

नागपूरला लेकीच्या दारात ठेवलेली माझी गाडी घेतली आणि निघाले. पैज मी जिंकले होते, नाकावर टिच्चून जिंकले होते. पण मौद्यापासून पुढं सगळा रस्ता एकच विचार. आता ती मागायची कशी? आधी तोऱ्याशी भांडण होतं, तेव्हा मागणं सोपं होतं. आता मी "शब्द दिला होता, बसा" म्हटलं असतं तर हे आले असते, मान खाली घालून, शिक्षेला बसावं तसे. मला तसे नको होते. मला माझा माणूस हवा होता, फिरायला निघाल्यावर खूश होणारा. आणि तो आला नाही, तर पुन्हा ती खाट होतीच.

घरी पोचले. हे सपरीत उभे होते. गाडीचा आवाज ओळखून उठले असतील.

"खरोच?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग जिंकली तू."

"पैज राहू द्या," मी म्हटलं. "तुमच्या मनात अशीन तं चला. नसन तं मी चहा ठेवते."

हे खांबाला धरून उभे राहिले.

"मले दिसत नाही," हे म्हणाले.

"हो."

"धुकट नाही. दिसतच नाही. कडेकडेनं थोडं कळते. समोर काही नाही." मग थांबले. "तुह्यं तोंड दिसत नाही मले. बाकी जाऊ दे, पण तुह्यं तोंड दिसत नाही."

मी पुढं जाऊन त्यांचा हात माझ्या गालावर ठेवला. शेजारीपाजारी पाहत असतील तर पाहोत. त्यांना ओलं लागलं असेल.

"त्या दिवशी फोनवर तलाव नव्हता ना?"

"नव्हता."

"का होतं?"

"ती बाई होती. हात जोडून बसली होती तुमच्यासमोर."

"अरे बाप्पा," हे म्हणाले. "तिनं हात जोडले अना मी तिले तलाव म्हटलं." आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी चप्पल शोधली, पायरी उतरले, बॉनेटवर हात ठेवून गाडीला वळसा घातला आणि डावीकडचं दार स्वतः उघडलं. मी हात दिला नाही. त्यांना नको होता.

कुठं जायचं ते मी विचारलं नाही. गाडी गावाबाहेर काढली. एका हातानं डोळे पुसत मी बोलत सुटले. उजवीकडं शाळा, कुंपणाला नवा निळा रंग दिला, पोरं सुटलीत, एकीची चप्पल हातात, पुढं बैलगाडी, तिच्यामागं काळं वासरू, हा सरपंचाचा नवा मजला, ह्या बाया लाकडं घेऊन आल्या, आभाळ असं...

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू सांग ना वो," म्हणाले. "मले बघू दे."